अंगणातले कासव आणि उबेचे देणे

थंडीचे दिवस सुरू झाले की इमामाकडे येणाऱ्या प्रश्नांचा रंगही बदलतो. मोज्यांवर मसह केव्हा चालतो, पाणी फार गार असेल तर तयम्मुम करता येतो काय, असे प्रश्न मार्गशीर्ष-पौषात दरवर्षी येतात. अलीकडे त्यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. मुलांच्या हौसेखातर घरात कासव आणलेले असते. ते अंगणात, गच्चीवर किंवा जिन्याखाली फिरत असते. डिसेंबरात एके दिवशी ते खाणे सोडते आणि कोपऱ्यात निपचित पडते. मग विचारणा होते, "मौलाना, याच्यासाठी बाहेर एक उबदार खोपटे बांधले तर सवाब मिळेल ना?"

प्रिय वाचकहो, प्रश्न विचारणाऱ्याचे मन मऊ आहे यात शंका नाही. तरीही या प्रश्नातील 'सवाब' हा शब्द मला थोडा थांबवतो. दुकानदाराचे उसने पैसे परत करणारा मनुष्य दुकानदाराला सदका देत नसतो. तो देणे फेडतो. फेडले तर अल्लाह त्यालाही मोबदला देईल, पण न फेडले तर विचारणा होईल. कासवाचे खोपटे या दोहोंपैकी कोणत्या खात्यात जाते? नफ्ल नेकीच्या, की देण्याच्या? या प्रश्नाच्या उत्तरावर खोपटे कसे बांधायचे हेही बरेचसे अवलंबून आहे.

मांजरीला कोंडणाऱ्या स्त्रीची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. हजरत इब्न उमर (रजि.) यांच्याकडून आलेली ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत आहे. त्या स्त्रीने मांजर बांधून ठेवली, तिला खाऊ घातले नाही आणि जमिनीवरचे किडे-उंदीर खाण्यासाठी मोकळेही सोडले नाही. मांजर मेली आणि ती स्त्री शिक्षेस पात्र ठरली. वाज-नसीहतीच्या मजलिसींत ही हदीस बहुधा 'प्राण्यांवर दया करा' एवढ्याच अर्थाने सांगितली जाते. ती सावकाश वाचली तर तिच्यात एक बारीक न्याय दिसतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या स्त्रीसमोर दोन वाटा ठेवल्या होत्या : खाऊ घाल, किंवा सोडून दे. गावातल्या प्रत्येक उपाशी मांजरीसाठी तिला जबाबदार धरलेले नाही. जिचा दरवाजा तिने स्वतः बंद केला, त्या एका मांजरीसाठी धरले आहे. दरवाजा बंद झाला त्या क्षणी मांजरीचे अन्न शोधण्याचे काम मांजरीकडून निघून त्या स्त्रीच्या शिरावर आले.

आता हाच न्याय अन्नावरून निवाऱ्याकडे न्या. पवित्र कुरआनात सूरह नम्लमध्ये मुंगी आपल्या सोबतिणींना आपापल्या घरांत शिरण्यास सांगते. म्हणजे मुंगीला घर आहे आणि संकट आले की कुठे शिरायचे हे तिला ठाऊक आहे. सूरह नहलमध्ये मधमाशीला घर करण्याची प्रेरणा अल्लाहनेच दिल्याचा उल्लेख आहे : डोंगरात, झाडावर आणि माणसे जे उभारतात त्यातही. कासवालाही हे ज्ञान मिळालेले आहे. माळरानावरचे कासव थंडीत उन्हाच्या बाजूची झुडपे शोधते, पालापाचोळ्यात शिरते, मातीत अंग रुतवते, सकाळी उन्हात येऊन बसते आणि ऊन चढले की सावलीत जाते. त्याला आपल्या गोणपाटाची गरज नसते. आपण त्याला फरशी घातलेल्या अंगणात आणतो आणि भोवती भिंत घालतो. त्या क्षणी त्याचे झुडूप, त्याची माती आणि त्याचे ऊन आपण त्याच्याकडून काढून घेतलेले असते. जे काढून घेतले ते परत द्यावे लागते. यालाच मी देणे म्हणतो.

आपल्या फुकहांनी हे फार पूर्वी ओळखले होते. मदरशातून शिकलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातून इमाम मरगीनानी (मृत्यू हि. ५९३) यांचा 'हिदाया' गेलेला असतो. त्यात पत्नी, मुले, आईवडील यांच्या नफक्याची चर्चा संपता संपता जनावरांच्या नफक्याचा उल्लेख येतो. हनफी मताप्रमाणे काझी त्यासाठी मालकावर सक्ती करणार नाही, परंतु अल्लाह आणि तो यांच्यातील व्यवहारात मालकाला तसा हुकूम आहेच, इमाम अबू यूसुफ (रह.) तर सक्तीही करावी असे म्हणतात, आणि इतर इमामांचे मतही त्याच बाजूचे आहे. पुढच्या शतकातील शाफिई विद्वान इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम (मृत्यू हि. ६६०) यांनी 'कवाइदुल अहकाम' या ग्रंथात माणसावर असलेले जनावरांचे हक्क सांगितले आहेत. जनावर म्हातारे किंवा आजारी होऊन निरुपयोगी झाले तरी त्याचा खर्च करावा, त्याला इजा करील अशा जनावराबरोबर ते ठेवू नये, आणि त्याची बसण्या-निजण्याची जागा चांगली करावी. साडेसातशे वर्षांपूर्वी निवाऱ्याची ही बाब त्यांनी हक्कांत मोजली. ते बोलत होते उंट-मेंढरांविषयी. कासवाविषयी बोलण्याची वेळ आपल्या पिढीवर आली आहे.

सूरह नहलच्या पाचव्या आयतीत गुराढोरांच्या उपकारांची गणना आहे, आणि त्यात अल्लाहने पहिले नाव घेतले आहे ते उबेचे. लोकर, कातडे, घोंगडी ही सगळी ऊब आपण जनावरांकडूनच घेत आलो. ही आयत वाचताना मला नेहमी वाटते की उबेच्या बाबतीत माणूस जनावरांचा जुना ऋणको आहे.

येथपर्यंत विचार सरळ चालतो. अडचण पुढे आहे.

कासव गारठलेले दिसले की घरातली दादी काय करते? जुन्या लुगड्याची गोधडी आणते आणि त्याला गुंडाळते. हे दृश्य इतके मायेचे असते की त्यात काही चूक असू शकते हे मनात येत नाही. परंतु गोधडी स्वतः गरम नसते. आपल्या शरीरात रात्रंदिवस जी ऊब तयार होते ती बाहेर जाऊ न देणे, एवढेच गोधडीचे काम. माणूस, शेळी, मांजर यांच्या अंगात ही शेगडी सतत पेटलेली असते. कासवाच्या अंगात ती नाही. त्याला सारी ऊब बाहेरून, उन्हातून आणि तापलेल्या जमिनीतून घ्यावी लागते. गारठलेल्या कासवाला गोधडीत गुंडाळले तर गोधडी त्याचा गारठाच जपून ठेवते. सकाळचे ऊनही त्याच्यापर्यंत पोहोचू देत नाही.

मराठीचा विद्यार्थी म्हणून येथे एक गोष्ट आठवते. आपल्या संतकवितेत कासवी पिलांना केवळ नजरेने पोसते ही उपमा वारंवार येते, आणि ईश्वरी कृपेसाठी ती मोठी सुंदर आहे. निसर्गात मात्र कासवी मातीत खड्डा करून अंडी घालते, माती सारखी करते आणि निघून जाते. पुढचे सारे काम उन्हाने तापलेली माती करते. कासवांच्या अनेक जातींत तर अंड्यातून नर निघेल की मादी, हेही त्या मातीच्या उबेवर ठरते. जन्माच्या आधीपासून कासवाची ऊब त्याच्या बाहेर ठेवलेली आहे. निर्माणकर्त्याने त्याला असेच घडवले, आणि त्यात उणेपणा काही नाही.

यातून नीतीचा एक कठीण प्रश्न उभा राहतो. स्वतःसाठी जे आवडते तेच आपल्या भावासाठी आवडल्याशिवाय ईमान पूर्ण होत नाही, अशी सर्वांना पाठ असलेली हदीस आहे. प्राण्यांशी वागताना आपण नकळत हेच माप वापरतो. मला थंडीत गोधडी आवडते, म्हणून कासवाला गोधडी. मला दूध-पोळी आवडते, म्हणून कासवाला दूध-पोळी; आणि दुधाने त्याचे पोट बिघडते. मग ती हदीस चुकीची वाट दाखवते काय? मआजल्लाह! आपण तिचा अर्थ उथळ घेतो. मला गोधडी आवडते याच्या मुळाशी दुसरी आवड आहे : माझ्या देहाची जी गरज आहे ती भागावी, आणि माझी काळजी घेणाऱ्याने ती गरज ओळखावी. हीच मुळातली आवड दुसऱ्यासाठी बाळगायची आहे. तापाने फणफणलेल्या मुलावर, आपल्याला थंडी वाजते म्हणून, आई तीन रजया टाकत नाही. दया अंतःकरणात उपजते. ती हाताने पोहोचवायची तर ज्याच्यावर दया करायची त्याची ओळख लागते. ही ओळख करून घेण्याचा कंटाळा करणाऱ्याची दया शेवटी स्वतःभोवतीच फिरत राहते. त्याला स्वतःला बरे वाटते, आणि कासव गारच राहते.

प्रेषित मुहम्मद (स.) एकदा एका अन्सारी सहाबींच्या बागेत गेले. तेथील उंट त्यांना पाहून व्याकूळ झाला, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. त्यांनी त्याच्या डोक्यामागे हात फिरवला, तो शांत झाला. मग मालकाला बोलावून, तू याला उपाशी ठेवतोस आणि थकवतोस अशी याची तक्रार आहे, असे बजावले. ही हदीस अबू दाऊदमध्ये आहे. उंटाला निदान डोळ्यांतून पाणी काढता आले. कासव ओरडत नाही, शेपटी हलवत नाही, दाराशी येऊन खरवडत नाही. त्याची तक्रार म्हणजे न खाल्लेला पाला, मिटलेले डोळे, वाहणारे नाक. ज्याची फिर्याद इतकी हळू आहे त्याच्या मालकाला कान अधिक तीक्ष्ण ठेवावे लागतात.

खोपट्याची पहिली वीट ठेवण्याआधी मात्र एक गोष्ट तपासून घ्यावी. अंगणातले कासव कोणते आहे?

काळसर पाठीवर पिवळ्या चांदण्या उमटलेले जमिनीवरचे कासव असेल, तर ते भारतीय तारा कासव होय. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि हे कासव आता पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत आहे. २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. वऱ्हाडातल्या विहिरींत पाणी स्वच्छ राहावे म्हणून जे मऊ कडांचे पाणकासव सोडण्याची रीत होती, तेही याच अनुसूचीतले. ते पकडणे, विकणे, घरी ठेवणे हा गुन्हा आहे आणि शिक्षा तीन ते सात वर्षे कैदेची आहे. नागरिक म्हणून आपण या देशाच्या कायद्याशी वचनबद्ध आहोत, आणि वचने पाळण्याचा आदेश सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे. म्हणून हा केवळ सरकारी प्रश्न समजू नये. दुसऱ्याचे घर बळकावून त्याला सुंदर रंग दिल्याने गसब हलाल होत नाही. तसेच रानातून उचलून आणलेल्या कासवाला उबदार खोपटे दिल्याने ते उचलणे योग्य ठरत नाही. अशा वेळी वन विभागाला कळवावे. महाराष्ट्रात १९२६ हा त्यांचा मदत क्रमांक आहे. त्यांचे लोक येईपर्यंत त्या कासवाला उपाशी व गारठ्यात ठेवण्याची मुभा आपल्याला मिळत नाही, कारण त्या रात्रीपुरता त्याचा दरवाजा आपल्याच हाती आहे. आणि गुपचूप जाऊन वडाळीच्या तलावात किंवा मोर्णेच्या पात्रात सोडून देणे, ही सुटका नव्हे. जमिनीवरचे कासव पाण्यात बुडून मरते. दुकानातून आणलेले, कानामागे लाल पट्टा असलेले अमेरिकन पाणकासव तलावात सोडले तर ते तेथील मूळ कासवांच्या आणि माशांच्या तोंडचा घास काढते.

याच ओघात एक कडू गोष्ट बोललीच पाहिजे. आपल्या विदर्भात 'वीस नखी' कासवाचा एक घाणेरडा बाजार चालतो. अमुक इतकी नखे असलेले कासव असले की गुप्तधन सापडते, पैशांचा पाऊस पडतो, अशा थापांवर लाखोंचे व्यवहार होतात आणि मुकी कासवे पोत्यांत कोंडून फिरवली जातात. या बाजारात ठगणारे आणि ठगले जाणारे सर्व समाजांचे आहेत; कलिमा पढणारेही आहेत. धन देणारा अल्लाह आहे असे दिवसातून पाच वेळा कबूल करायचे आणि संध्याकाळी कासवाची नखे मोजायची, हे कसे जमते? जमिनीखालचा हंडा दाखवण्याची शक्ती कासवात मानणे हा तौहीदला लागलेला डाग आहे, आणि असे प्रकार २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या कक्षेतही येतात. दारात शुभ म्हणून कासव बाळगणे हे त्याच झाडाचे छोटे फळ. शुभ-अशुभ मानण्याला प्रेषितांनी (स.) स्पष्ट मनाई केली आहे.

मग कासव पाळण्याला वावच नाही काय? हजरत अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याने एक लहानसा पक्षी पाळला होता. तो मेला तेव्हा प्रेषितांनी (स.) त्या बालकाची प्रेमाने विचारपूस केली, पक्षी का पाळलास असे रागावून विचारले नाही. या एका छोट्या हदीसमधून इब्नुल कास (मृत्यू हि. ३३५) या विद्वानांनी साठ मुद्दे काढून दाखवले आहेत, आणि पाळीव पक्षी ठेवण्याची मुभा त्यातूनच सिद्ध होते. तेव्हा मुभा आहे. परदेशी जातीचे कासव कायदेशीर मार्गाने आलेले असेल आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे नोंदणी लागत असेल तर ती केलेली असेल, तर त्याला ठेवता येते. मुभेबरोबर वर सांगितलेले देणे येते.

ते देणे वऱ्हाडात कसे फेडावे ते आता पाहू. हे मी जमिनीवरच्या कासवाविषयी सांगतो. पाणकासवाची गरज निराळी, त्याला पोहायला पाणी आणि अंग वाळवायला उन्हातला दगड लागतो.

आपली जमीन काळी, कपाशीची. ती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, हिवाळ्यात ओल सोडत नाही आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. अशा जमिनीवर सरळ पेटी ठेवली तर कासव ओल्या गारठ्यात झोपते. कासवाला कोरडी थंडी थोडीफार सोसते. ओल आणि थंडी एकत्र आली की छातीचा विकार होतो. म्हणून आधी सहा-सात इंच मुरूम टाकून तो चोपून घ्यावा, त्यावर विटांचा एक थर, त्यावर चार बोटे कोरडी माती आणि वाळू, आणि सर्वांत वर वाळलेली पाने व गवत. कुटार टाकू नये, त्याची धूळ नाकात जाते. फवारणी झालेल्या शेतातला पालाही नको. भिंती विटा-मातीच्या कराव्यात. लांबी कासवाच्या तिप्पट, रुंदी दुप्पट आणि उंची त्याच्या पाठीपेक्षा चार-सहा बोटे अधिक, एवढी जागा पुरे. अधिक ऐसपैस केली की ती लवकर गार होते.

दार आग्नेयेला असावे. हिवाळ्यात सूर्य त्याच बाजूने उगवतो आणि उत्तरेचा बोचरा वारा पाठीमागच्या भिंतीवर अडतो. दाराला गोणपाटाच्या पट्ट्या लावल्या तर कासव त्या सारून आत-बाहेर करू शकते. दाराशी, ऊन थेट पडेल अशी, काळ्या दगडाची एक चपटी लादी बसवावी. आपला हा दगड दिवसभर ऊन पितो आणि अंधार पडल्यावर कितीतरी वेळ ते सोडत राहतो. विजेची उठाठेव न करता मिळणारी हीच खरी शेगडी. छपराला नुसते टिन कधीही टाकू नये. टिन पौषातल्या रात्री बर्फ होते आणि वैशाखात तवा. आधी फळी, तिच्यावर तुराट्या किंवा कडब्याचा जाड थर, आणि पावसापुरते टिन सर्वांत वर. छप्पर उचलता येईल असे ठेवावे म्हणजे आत साफ करता येते. दार रात्री जाळीने बंद करावे. मुंगूस, घूस आणि मोकाट कुत्री यांना कासवाची पाठ अडवत नाही. ती पाठ म्हणजे निर्जीव चिलखत नसून बरगड्या आणि कणा यांच्यापासून बनलेले जिवंत हाड आहे. म्हणूनच तिला भोक पाडून दोरी बांधणे किंवा रंग फासणे हा उघड जुलूम होय.

एवढे केल्यावरही खोपटे स्वतः काही गरम होत नाही, हे विसरू नये. कासवाने दिवसा ऊन घेतले तरच रात्री राखायला काही असते. सकाळी दोन-तीन तास थेट ऊन मिळाले पाहिजे. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन चालत नाही, कारण हाडांना लागणारा किरण काच अडवते. ज्या रात्री पारा दहा-बाराच्या खाली उतरतो, आणि अकोला-अमरावतीत अशा रात्री येतातच, तेव्हा त्याला पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून घरात घ्यावे. बाहेर, दवात, उघड्या तारेवर दिवा लावून ऊब देण्याचा खटाटोप करू नये. मुलांच्या आणि घराच्या जिवाला त्यात धोका आहे. अंग गार असताना खायला घालू नये, पोटातले अन्न पचत नाही आणि सडते. दोन-तीन दिवस ऊन घेऊनही ते खाईनासे झाले, तर डॉक्टरांना दाखवावे. अकोल्यातील स्नातकोत्तर पशुवैद्यकीय व पशुविज्ञान संस्था आपल्याला दूर नाही.

आणि मे महिना? वऱ्हाडात उबदार घर बांधणाऱ्याने डोक्यात मेच ठेवावा. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा हेच खोपटे भट्टी होते, आणि थंडीने जे कासव आठवडाभर तग धरते ते उन्हात उलटे पडले तर तासाभरात मरते. तेव्हा वर तुराट्यांचा मांडव, ओले गोणपाट, उथळ परातीत पाणी आणि दार सावलीकडे. सूरह नहलमध्येच अल्लाहने ऊब आणि सावली या दोन्ही देणग्या सांगितल्या आहेत. आपण कासवासाठी भिंत घातली, म्हणून दोन्हींचा बंदोबस्त आपल्याला करावा लागतो.

येथे एखादा वाचक म्हणेल : मौलाना, स्टेशनबाहेर माणसे पोत्यावर झोपतात, आणि तुम्ही कासवाच्या दाराची दिशा सांगत बसलात! हा आक्षेप मला खरोखर जड वाटतो. माणसाचा हक्क मोठा आहे. त्यात वाद नाही. पण बारकाईने पाहा. कासव दुकानातून आणताना कोणी हा आक्षेप घेत नाही. मुलाच्या वाढदिवसाला दोन-तीन हजार रुपये मोजले जातात तेव्हा स्टेशनबाहेरचा मनुष्य आठवत नाही. विटा-मुरुमाचे दोनशे रुपये काढायची वेळ आली की तो आठवतो. कासवाला गारठ्यात ठेवल्याने त्या माणसाच्या अंगावर एकही कांबळे चढत नाही. दोन हक्क आहेत, दोन्ही वेगवेगळे फेडायचे आहेत. ज्याला दोन्ही झेपत नाहीत त्याने कासव आणू नये, हे उत्तर मला मान्य आहे, नव्हे, बहुतेक घरांना मी हेच सांगतो.

कारण हिशेब एका हिवाळ्याचा नसतो. कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात अद्वैत नावाचे महाकाय कासव २००६ साली मेले. त्याचे वय दोन-अडीचशे वर्षे असल्याचे सांगितले जाई. आपली छोटी कासवेही चांगली सांभाळली तर कित्येक दशके जगतात. आज चौथीतल्या मुलीसाठी आणलेले कासव तिच्या नातवंडांपर्यंत पोहोचू शकते. मुलगी सासरी जाईल, अब्बा-अम्मी थकतील, घर पाडून इमारत उभी राहील. त्या वेळी ते खोपटे कोण हलवील? ज्याच्यावर कोणाचे देणे आहे त्याने वसीयत लिहून ठेवावी अशी आपल्याला शिकवण आहे. पाळलेल्या कासवाचे नाव त्या कागदावर असण्यात मला काही विनोद दिसत नाही.

आता एका वेगळ्या निवाऱ्याविषयी. इस्तंबूलच्या उस्कुदार भागात अठराव्या शतकातली आयाझमा मशीद आहे. तिच्या बाहेरच्या भिंतींवर दगडात कोरलेली छोटी घरे आहेत, घुमट आणि मिनार यांच्यासकट. ती चिमण्यांसाठी आहेत. उस्मानी काळात अशी घरे मशिदींवर, मदरशांवर, सरायांवर बांधली जात, जेथे ऊन येईल आणि गार वारा लागणार नाही अशा बाजूला. त्यांना दारे नाहीत. चिमणी थंडीत येते, ऋतू पालटला की जाते. ज्याने बांधले त्याने कोणालाही कोंडले नव्हते, म्हणून त्याच्यावर देणेही नव्हते. सुरुवातीला विचारलेला सवाबाचा प्रश्न अशा घराबद्दल मोकळेपणाने विचारता येतो.

आपल्याकडे अशी घरे कोरावी लागत नाहीत. शेताच्या धुऱ्यावर ती आपोआप तयार होतात. बाभळीची झुडपे, वाळलेले गवत, उन्हाने तापणारे काळे दगड आणि त्यांच्या फटी. सरडे, घोरपडी, ससे, तितरांची घरटी, हे सारे त्या धुऱ्याच्या आडोशाला असतात. सुगी संपली की आपण काडी लावून धुरे पेटवतो. हजरत इब्न मसऊद (रजि.) यांच्याकडून अबू दाऊदमध्ये आलेल्या एका हदीसमध्ये दोन घटना एकत्र आहेत. एका पक्षिणीची पिले सहाबींनी उचलली होती, ती परत ठेवायला प्रेषितांनी (स.) सांगितले, आणि मुंग्यांचे वारूळ जळालेले दिसले तेव्हा, आगीची शिक्षा देण्याचा अधिकार फक्त आगीच्या मालकाचा आहे, असे बजावले. हिवाळा सरला की धुरे पेटवण्याचे दिवस येतात. शेतात जाणाऱ्या वाचकांनी काडी ओढण्यापूर्वी गवत काठीने हलवून पाहावे, एका बाजूने कापून बाहेर न्यावे, आणि निदान विहिरीकडचा एक धुरा तसाच राहू द्यावा.